उभ्यांचं मैदान

बर्लिनच्या आग्नेय टोकाला क्योपेनिक नावाचा भाग आहे. तिथे वूल्हाइडेच्या झाडीला लागून फुटबॉलचं एक स्टेडियम आहे. शेजारी वनाधिकाऱ्याचं जुनं घर, म्हणून स्टेडियमचं नावही ‘आन डेअर आल्टन फ्योर्स्टराय’, म्हणजे जुन्या वनाधिकारी-घराजवळचं. युनियन बर्लिन या क्लबचं हे घरचं मैदान. बोलताना सगळे नुसतं ‘आल्टे फ्योर्स्टराय’ म्हणतात. कुठल्या बँकेचं किंवा विमा कंपनीचं नाव त्याला अजून लागलेलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

या स्टेडियमबद्दल बोलायचं तर आधी तीन आकडे सांगायला हवेत. एकूण प्रेक्षक 22,012. त्यांतली बसायची आसनं 3,617. उरलेले 18,395 लोक उभे राहून सामना पाहतात. सहातले पाच उभे! मैदानाच्या चार बाजूंपैकी फक्त मुख्य स्टँडमध्ये खुर्च्या आहेत. बाकी तिन्ही बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या, त्यांवर मधूनमधून लोखंडी कठडे आणि वर छत. बुंडेसलिगा म्हणजे जर्मन फुटबॉलचा पहिला, सर्वांत वरचा विभाग. तिच्या नियमानुसार स्टेडियममध्ये किमान 8,000 आसनं लागतात. युनियनकडे त्याच्या निम्मीही नाहीत. क्लब 2019 मध्ये या विभागात आला तेव्हापासून या अटीतून सूट घेऊन खेळतो आहे.

उभ्याचा स्टँड म्हणजे गरिबांचा स्टँड, खुर्च्या परवडल्या नाहीत म्हणून उरलेली जागा, असं आपल्याकडे सहज समजलं जातं. हा समज मला दूर करावासा वाटतो. चांगला उभ्याचा स्टँड बांधणं हे खुर्च्यांच्या स्टँडपेक्षा सोपं काम नाही. खुर्ची माणसाला जागेवर धरून ठेवते. उभ्या माणसाला कुणी धरत नाही, त्यामुळे ते काम पायऱ्या, कठडे आणि वाटांच्या मापांनी करावं लागतं.

खरी भीती असते मागून येणाऱ्या रेट्याची. गोल झाला की वरच्या पायऱ्यांवरचे लोक नकळत पुढे झुकतात. एकाचं वजन पुढच्यावर, त्याचं त्याच्या पुढच्यावर. दहा-बारा ओळींचा भार एकत्र आला की सर्वांत पुढच्या माणसाला श्वास घेता येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दादरला दाराशी उभं राहिलेल्याला हा रेटा वेगळा समजावून सांगायला नको. हा रेटा वाढण्याआधीच तोडायचा, हे कठड्यांचं काम. जर्मन लोक त्यांना लाटा फोडणारे कठडे म्हणतात.

त्यांची मापं प्रेक्षक जमतात अशा जागांसाठीच्या जर्मनीच्या नमुना नियमावलीत नेमकी दिलेली आहेत. पाचपेक्षा जास्त उभ्याच्या पायऱ्या एकामागे एक असतील तर सर्वांत पुढच्या पायरीसमोर सलग कठडा हवा, उंची 1.10 मीटर. त्यानंतर दर पाच पायऱ्यांनी त्याच उंचीचे कठडे. पण हे सलग नसतात. प्रत्येक कठडा कमीत कमी 3 मीटर आणि जास्तीत जास्त 5.50 मीटर लांब. दोन कठड्यांमधली मोकळी जागा 5 मीटरपेक्षा मोठी चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागच्या किंवा पुढच्या रांगेतला कठडा त्या मोकळ्या जागेच्या बरोबर समोर यायला हवा, तोही दोन्ही बाजूंनी किमान 25 सेंटीमीटर जास्त लांब.

हा शेवटचा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. मोकळ्या जागा एकाखाली एक आल्या तर वरून खालपर्यंत सरळ गल्ली तयार होते. वर एक जण घसरला की सगळा रेटा त्या गल्लीतून थेट खाली येतो, वाटेत त्याला अडवायला काहीच नसतं. कठडे एकाआड एक सरकवून लावले की रेट्याला दर पाच पायऱ्यांनी लोखंडावर आपटावं लागतं. मग कठडे सलगच का लावत नाहीत? कारण कुणाला चक्कर आली, कुणाला बाहेर जायचं असेल, तर माणसांना आडवं आणि खाली सरकता आलं पाहिजे. सलग कठड्यामागे लोक कोंडले जातात.

माणसांची मोजणीही ठरलेली आहे. उभ्याच्या ओळीत दर मीटरला दोन माणसं, त्याहून जास्त तिकिटं विकायची नाहीत. मोठ्या स्टेडियममध्ये उभ्यांची जागा 2,500 लोकांच्या कप्प्यांत विभागायची, प्रत्येक कप्प्याला स्वतःचा प्रवेश. उघड्या स्टेडियमसाठी बाहेर पडायच्या वाटा 600 माणसांमागे 1.20 मीटर रुंद. म्हणजे पूर्ण भरलेल्या एका कप्प्याला एकूण किमान 5 मीटर रुंदीची वाट लागते. कागदावर हे रुक्ष दिसतं. पण 15 एप्रिल 1989 ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये काय झालं ते ठाऊक असेल तर या प्रत्येक आकड्यामागे माणसं दिसू लागतात. तिथे बाहेरची गर्दी आत सोडली गेली आणि ती आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत शिरली. समोर जाळीचं कुंपण, बाजूला जायला जागा नाही, आणि दाबाखाली एक कठडा मोडला. 97 माणसं गेली. त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या विभागांनी सगळीकडे खुर्च्या बसवल्या. जर्मनीने उभ्याचे स्टँड ठेवले, पण कप्पे, कठडे आणि तिकिटांची मोजणी कडक ठेवून. मला जर्मनीची वाट जास्त पटते. हिल्सबरोचा धडा कोंडलेल्या गर्दीबद्दलचा होता. उभं राहणं हा तिथला गुन्हा नव्हता.

दिसण्याचा प्रश्न राहतो. स्टँडचा आराखडा करताना पुढच्या माणसाच्या डोक्यावरून तुमची नजर किती वरून जाते ते मोजतात. 12 सेंटीमीटर मिळाले तर उत्तम, 9 चालतात, 6 ही खालची मर्यादा. बसलेल्या माणसांची उंची साधारण सारखी भरते, म्हणून खुर्च्यांसाठी हे गणित नीट बसतं. उभ्यांमध्ये पावणेदोन मीटरच्या शेजारी दोन मीटरचा माणूस येतो आणि गणित कोलमडतं. पण उभ्याला अर्धं पाऊल डावीकडे सरकता येतं, खुर्चीवाल्याला येत नाही. उभ्याच्या स्टँडमध्ये नव्वद मिनिटं लोक असे सारखे बारीक बारीक हलत असतात, आणि त्या हलण्यामुळेच सगळ्यांना दिसतं.

आता या स्टेडियमच्या स्वतःच्या गोष्टीकडे. इथे पहिला सामना ऑगस्ट 1920 मध्ये झाला, त्या वेळच्या जर्मन विजेत्या न्यूर्नबर्गविरुद्ध. तेव्हाचा क्लब होता ओबरश्योनेवाइडे या जवळच्या कारखानदार वस्तीतला. तिथे धातूकाम करणारे कामगार राहत, म्हणून खेळाडूंना ‘लोहारकामाची पोरं’ अशा अर्थाचं टोपणनाव पडलं आणि ‘आयझर्न युनियन’, पोलादी युनियन, ही आरोळी आजही त्यातूनच उमटते. आजचा क्लब जानेवारी 1966 मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीत स्थापन झाला. 1968 ला त्याने पूर्व जर्मनीचा कप जिंकला. जर्मनी एक झाल्यावर मात्र पैशाची ओढाताण सुरू झाली, ती दीड दशक संपली नाही. 2004 मध्ये खालच्या विभागाचा परवाना मिळवायला रक्कम उभी करायची होती. तेव्हा युनियनच्या लोकांनी रक्तदान केलं आणि रक्तदात्याला मिळणारे पैसे क्लबच्या खात्यात भरले.

त्या काळात स्टेडियमची अवस्था वाईट होती. मातीच्या उतारावर बसवलेल्या पायऱ्या काही दशकांनी कशा मोडतात ते समजून घेण्यासारखं आहे. सुरुवात पाण्याने होते. पाणी फटीतून खाली जातं आणि पायरीखालची माती थोडी थोडी वाहून नेतं. खालचा आधार गेला की पायरी एका बाजूला कलते. हिवाळ्यात फटीतलं पाणी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. पुढच्या वर्षी फट मोठी, त्यात जास्त पाणी. मग फटींतून गवत उगवतं आणि त्याची मुळं उरलेलं काम करतात. कठड्याचा खांब जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साचतं, त्यामुळे लोखंड नेमकं जमिनीलगत गंजतं. वरून रंग चकचकीत असतो आणि बुडाशी खांब अर्धा उरलेला. कठडा तपासायचा तर तो बुडाशी, ही या कामातली पहिली शिकवण. आल्टे फ्योर्स्टरायच्या पायऱ्या अशाच खचल्या होत्या, उभ्यांवर छत नव्हतं, आणि तिथे खेळायला दर वेळी खास परवानगी मागावी लागे.

2008 च्या जूनमध्ये काम सुरू झालं. क्लबकडे सगळं काम कंत्राटदाराला देण्याइतके पैसे नव्हते, म्हणून प्रेक्षकांनाच बोलावलं. वर्षभरात 2,300 हून जास्त लोकांनी मिळून सुमारे 1,40,000 तास श्रमदान केलं. भागाकार केला तर माणशी साठ तास येतात, म्हणजे आठ तासांचे सात-आठ दिवस. पण श्रमदानात सरासरीला फारसा अर्थ नसतो. काही जण एका शनिवारी येऊन गेले, काहींनी वर्षाची सगळी रजा इथेच घालवली. जुन्या पायऱ्या फोडून उचलणं, उतार सारखा करणं, नव्या काँक्रीटच्या पायऱ्या मांडणं, कठडे उभे करून रंगवणं, अशी कामं त्यांनी केली. छताच्या पोलादासारखं अवघड काम कंपन्यांकडे होतं.

हे जमलं कसं, याचा विचार करताना मला उत्साहापेक्षा व्यवस्था महत्त्वाची वाटते. पहिल्या महिन्यात उत्साह कुठेही असतो. नोव्हेंबरच्या पावसात, अंधार चार वाजता पडायला लागल्यावर, मंगळवारी सकाळी सात वाजता कोण येणार हा खरा प्रश्न. अकुशल माणसं जास्त आणि गवंडी कमी आले तर अर्धे लोक हात बांधून उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. म्हणून रोजच्या कामाचे तुकडे असे करावे लागतात की पहिल्यांदा आलेल्यालाही संध्याकाळपर्यंत काहीतरी पुरं झालेलं दिसेल. जाणकार माणूस प्रत्येक टोळीबरोबर हवा. वेळेवर जेवण हवं. आणि मापांत कुठलीही सूट नको, कारण श्रमदानाने बसवलेल्या कठड्यावरही गोल झाल्यावर तेवढाच रेटा येतो.

त्या हंगामात संघ प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या यान स्टेडियमवर खेळला. तिथे पूर्वी डायनॅमो बर्लिन खेळत असे, पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा वरदहस्त असलेला क्लब, युनियनचा जुना वैरी. परक्या घरात राहूनही संघाने नव्याने सुरू झालेला तिसरा विभाग जिंकला. 8 जुलै 2009 ला हेर्था बर्लिनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्याने आल्टे फ्योर्स्टराय पुन्हा उघडलं. युनियन तो सामना हरला. पण हजारो माणसं पहिल्यांदाच छताखाली उभी होती, आणि पायाखालची पायरी त्यांच्यातल्याच कुणीतरी बसवलेली. बांधणाऱ्यांचं स्मारक स्टेडियमजवळ आहे. त्यावर बांधकामावरचं लाल हेल्मेट आणि कामाला आलेल्यांची नावं. खेळाडूंचे पुतळे सगळीकडे असतात. गवंडीकाम केलेल्या प्रेक्षकांचं स्मारक दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

मुख्य स्टँड नंतर, 2013 मध्ये झाला. त्याचं दर्शनी रूप विटांचं आहे, ओबरश्योनेवाइडेच्या जुन्या कारखान्यांना शोभेल असं. हे काम श्रमदानाचं नव्हतं. पैशासाठी क्लबने 2011 च्या अखेरीस स्टेडियम कंपनीचे शेअर विकायला काढले, एक शेअर 500 युरोला, तेही बाजारात न नेता आपल्या सभासदांना आणि प्रायोजकांना. चार हजारांहून जास्त सभासदांनी ते घेतले. या शेअरवर नफ्याची आशा धरायची नव्हती. त्याने मिळालं ते स्टेडियमच्या मालकीतलं आपलं एक बोट.

एका कोपऱ्यात हाताने चालवायचा धावफलक अजून आहे. गोल झाला की माणूस जाऊन पाटी बदलतो. मोठे डिजिटल पडदे आले तरी तो काढला नाही, हे चांगलं केलं.

युरोपमधल्या स्पर्धांना या क्लबची मोठी अडचण झाली. युएफा म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना. तिच्या सामन्यांना बरीच वर्षं फक्त आसनं चालत. 2021 मध्ये युनियन युएफाच्या कॉन्फरन्स लीग या स्पर्धेत पोचला तेव्हा त्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ऑलिंपिक स्टेडियममध्ये जावं लागलं, म्हणजे हेर्थाच्या घरी. 2022-23 मध्ये युएफाने काही देशांत उभ्याच्या जागांची चाचणी सुरू केली, त्यांत जर्मनी होता. त्या हंगामात युरोपा लीगचे सामने क्योपेनिकमध्ये झाले आणि नेदरलँड्सचा आयाक्स इथे हरला. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग आली आणि क्लबने पुन्हा ऑलिंपिक स्टेडियम निवडलं. रेआल माद्रिदला पाहण्याची संधी 22,000 ऐवजी सगळ्या सभासदांना मिळावी, हे त्यामागचं कारण. निर्णयावर बरेच जण नाराज होते, आणि त्यांची नाराजी मला समजते. तरीही 22,000 ची जागा आणि 60,000 च्या पुढे गेलेले सभासद यांत न्याय करायचा तर काहीतरी सोडावंच लागतं. खेळाच्या दृष्टीने मात्र त्या शरद ऋतूत संघाला आपल्या पायऱ्यांची उणीव नक्की भासली असेल.

बुंडेसलिगातला या मैदानावरचा पहिला सामना 18 ऑगस्ट 2019 चा. लाइपझिगकडून 0-4 हार. त्या दिवशी प्रेक्षकांनी साडेचारशेहून अधिक छायाचित्रं हातांत उंच धरली होती. क्लब पहिल्या विभागात जाईल याची आयुष्यभर वाट पाहून आधीच वारलेल्या माणसांची ती छायाचित्रं. ‘अखेर इथे’ अशा अर्थाचे शब्द त्या मोहिमेला दिले होते. त्यानंतर पहिल्या पंधरा मिनिटांत कुणी आवाज केला नाही. समोरचा क्लब एका पेयाच्या कंपनीने उभा केलेला, त्याचा तो निषेध. दोन आठवड्यांनी डोर्टमुंड आला आणि 3-1 हरून गेला.

नाताळच्या आदल्या दिवसाआधी, म्हणजे 23 डिसेंबरला, इथे नाताळची गाणी गातात. 2003 मध्ये, संघ हरत असताना, 89 माणसं कुंपण ओलांडून बंद स्टेडियममध्ये शिरली आणि गायली. आता 28,500 येतात. स्टँडमध्ये मावत नाहीत ते मैदानावर उभे राहतात. हातात मेणबत्ती आणि गाण्यांची पुस्तिका. 2014 च्या विश्वचषकात लोकांनी घरचे सोफे आणून गवतावर मांडले आणि सामने मोठ्या पडद्यावर पाहिले. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी गमतीच्या वाटतात. मला त्या बांधकामाच्याच पुढच्या पायऱ्या वाटतात. ज्याने इथे कुदळ मारली आहे त्याला इथे सोफा आणायला कुणाची परवानगी मागावीशी वाटत नाही.

2017 मध्ये क्लबने विस्ताराचा आराखडा मांडला. साधारण 37,000 जागा, त्यांतल्या 28,692 उभ्याच्या. 8,000 आसनांची अट त्यातून पुरी होते आणि उभ्यांचं बहुमतही टिकतं. पुढे आराखडा बदलला, आकडा 40,000 च्या आसपास गेला, आणि काम लांबत गेलं. अडलं ते मुख्यतः वाहतुकीवर. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला वूले नावाचा ओढा, एक रस्ता आणि ट्राम. 22,000 लोक सुटले तरी तो रस्ता भरतो. दुप्पट माणसं कशी येतील आणि कशी जातील याचं उत्तर दिल्याशिवाय शहर होकार देत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसरा मजला चढवायचा तर श्रमदानही चालणार नाही. उंचीवरचं पोलाद आणि विम्याच्या अटी हौशी हातांना वाव देत नाहीत. उभ्यांचा हिस्सा मात्र आराखड्यात कुठल्याही टप्प्यावर कमी होऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

बर्लिनमध्ये आता मराठी माणसं बरीच आहेत, त्यांच्यासाठी थोडं. तिकिटं आधी सभासदांना जातात, त्यामुळे मोठ्या सामन्याची आशा धरू नये. महिलांचा संघही आता याच मैदानावर खेळतो, त्या सामन्यांना जागा मिळणं सोपं. ओस्टक्रॉइत्स स्टेशनहून एस-3 या लोकलने क्योपेनिक स्टेशन, तिथून पंधरा-वीस मिनिटं पायी, शेवटचा भाग झाडांतून. उभ्याच्या तिकिटावर कप्पा लिहिलेला असतो, पायरी नाही, म्हणून लवकर पोचा. कठडा पाठीशी घेऊन उभे राहा, पोटाशी नको. मागचा रेटा कठड्यावर थांबतो आणि टेकायलाही मिळतं. मूल बरोबर असेल तर गोलमागच्या वाल्डझाइटे या स्टँडच्या मधोमध जाऊ नका, तिथे गाणारे आणि झेंडेवाले असतात. बाजूच्या लांब स्टँडची कड बरी. ध्वनिक्षेपकावर खेळाडूचं नाव आलं की सगळे ‘फूसबालगॉट’, म्हणजे फुटबॉलचा देव, म्हणून साथ देतात, तुम्हीही द्या. आपल्या खेळाडूची चूक झाली तरी शिट्ट्या मारायच्या नाहीत, आणि संघ चार गोलांनी मागे असला तरी शेवटच्या शिट्टीआधी निघायचं नाही. हे दोन अलिखित नियम इथे फार मानतात. सामना सुटल्यावर ट्रामसाठी थांबू नका, ती भरूनच येते. स्टेशनपर्यंत चालतच जा.